पाचव्या पिढीचं तीर्थ

दिवा लागला आणि आप्पासाहेबांचं टक्कल हिरवं झालं.

अख्ख्या हॉलमध्ये "आऽऽ" असा आवाज उठला. आमच्या सोसायटीचा हा हॉल एरवी बारशांना आणि वार्षिक सभेतल्या भांडणांना वापरतात. त्या रविवारी सकाळी मात्र खिडक्यांना काळे पडदे लावले होते आणि साठ-सत्तर माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. सगळे गडद कपड्यांत, कारण खाली जिन्यातच पाटी होती: 'पांढरे कपडे वर्ज्य. पांढरा रंग रेणुशक्ती परतवतो.' त्या अंधारात एक जांभळट दिवा डोक्याडोक्यांवरून फिरत होता, आणि दिवा जाईल ते डोकं हिरवट-पिवळं चमकत होतं.

"तळहात सोडा!" रविराज गुरुजी गरजले. "तळहाताला तीर्थ लागलेलं असतं, तो चमकणारच. आम्ही कुणाला फसवत नाही. मस्तक बघा, मस्तक! तीर्थ पोटात गेलं, पोटातून रक्तात, रक्तातून मेंदूत. नवा जनुक मस्तकी पोचला. किती वेळात? पाच मिनिटांत!"

"पाच मिनिटांत आमच्याकडे लिफ्टसुद्धा येत नाही," मी म्हणालो.

आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे मंदाकिनीनं, मला चिमटा काढला.

गुरुजींचं वय असेल पस्तीस. अंगात शस्त्रक्रियेच्या वेळी घालतात तसा हिरवा झगा, त्यावर रुद्राक्षांची माळ. म्हणजे ज्याला डॉक्टर हवा त्याला डॉक्टर आणि ज्याला बुवा हवा त्याला बुवा. पाठीमागच्या भिंतीवर एक भलंमोठं चित्र होतं. मधे एक ठिपका, त्यातून फांद्या, फांद्यांना फांद्या, त्यांनाही फांद्या, असं करत करत गोल झालेलं झाड.

"शास्त्रज्ञ याला डेंड्रिमर म्हणतात. आपले ऋषी कल्पतरू म्हणायचे. जनुकाला पाठुंगळी घेऊन पेशीत सोडणारा हा रेणू! आणि आमच्याकडे आहे तो साधासुधा नाही, पाचव्या पिढीचा. पाचव्या! म्हणजे तुमच्या मागच्या पाच पिढ्यांचे दोष धुऊन निघणार. सहावी पिढी हिमालयात तयार होतेय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिमालयात नक्की काय तयार होतंय, हे कुणी विचारलं नाही.

मी श्रीनिवास वैशंपायन. खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं माल तपासायचं काम केलं. नमुना काढल्याशिवाय मी आयुष्यात काहीही पास केलेलं नाही. लग्न सोडून, असं मंदाकिनी म्हणते. तर असा मी, त्या रविवारी एकदम गप्प झालो. कारण उत्सुकतेपोटी मीही रांगेत उभं राहून पळीभर तीर्थ घेतलं होतं, आणि दिवा माझ्यावर आला तेव्हा माझंही डोकं चमकलं.

"हे काका मघापासून चेष्टा करत होते!" गुरुजींना काय आनंद झाला! "बघा, जनुकाला श्रद्धाही लागत नाही!"

"आवं वैशंपायन," आप्पासाहेब ओरडले, "तुमचंबी डोस्कं पेटलं की!"

आप्पासाहेब आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. सोसायटी उभी आहे ती जमीन मूळ त्यांचीच, त्यामुळे अध्यक्ष दुसरं कोण होणार? माणूस दिलदार, पण हे कार्यक्रम त्यांनीच आणले होते. माझी शेजारीपाजारी सगळीकडे छी-थू झाली असती तरी मला चाललं असतं. पण माझं डोकं चमकताना माझ्या सुनेनं पाहिलं, आणि ते फार वाईट झालं.

कारण आमच्या घरात वल्लरी आहे.

वल्लरी माझी नात, नऊ वर्षांची. तिला जन्मापासून थॅलेसेमिया आहे. तिच्या शरीराला धड रक्त तयार करता येत नाही, म्हणून दर वीस-बावीस दिवसांनी तिला बाहेरून रक्त द्यावं लागतं. ती दिवसभर हॉस्पिटलात बसते, पुस्तकं वाचते, नर्सना कोडी घालते आणि संध्याकाळी गाल लाल करून घरी येते. त्या बुधवारी तिची तारीख होती.

"या वेळी नाही जायचं, बाबा," माझा मुलगा सलिल रात्रीच्या जेवणात म्हणाला. "गुरुजी म्हणाले, आधी आऊटसाईड ब्लड थांबवा. परक्या रक्तात परके जनुक असतात, मग नवा जनुक कन्फ्यूज होतो. पुढच्या रविवारी तिला तीर्थ देणार आहेत."

"सलिल, तू इंजिनिअर आहेस ना?"

"म्हणून तर सांगतोय! हे भस्म-अंगारा नाहीये. डेंड्रिमर खरंच असतात. मी सर्च केलंय. पेपर्स आहेत. जगभर रिसर्च चालू आहे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अस्मिता बोलली. माझी सून एरवी फार बोलत नाही.

"बाबा, दर वीस दिवसांनी त्या सुया. तिच्या हातावर आता शीर सापडत नाही. आणि हे तिला दिलं कुणी? मी आणि सलिलनं. दोघांकडून एकेक बिघडलेला जनुक गेला. लग्नाआधी एक साधी तपासणी केली नाही आम्ही. आता कुणी म्हणत असेल की तो जनुक बदलता येतो, तर मी जाणार नाही का? आणि तुमचं डोकं चमकलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

मी ताटातला भात चिवडत बसलो.

बुधवार गेला. शुक्रवारी लिफ्ट बंद पडली, आणि वल्लरी शाळेतून येताना दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसून राहिली. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. मी खाली उतरून पाहिलं तर तिचे ओठ पांढरट पडले होते. "आबा, जरा दम खाते हं," ती म्हणाली. मला इतकी भीती कारखान्यात कधी वाटली नव्हती, आणि तिथं माझ्या आजूबाजूला दारूगोळा असायचा.

तिला वर पोचवून मी थेट खाली, पहिल्या मजल्यावर पद्मजाकडे गेलो. पद्मजा एका संशोधन संस्थेत काम करते. काय करते ते मी कधी नीट विचारलं नव्हतं. बाई हुशार आहे आणि गाडी वाकडी लावते, एवढंच मला माहीत.

"डेंड्रिमर म्हणून काही असतं का?"

"असतं म्हणजे? काका, चार वर्षं मी त्याच्याशीच मारामारी करतेय!" तिनं मला बसवलं. "मधे एक गाभा असतो. त्याला फांद्या फुटतात, त्या फांद्यांना पुन्हा फांद्या. आम्ही ते प्रयोगशाळेत थरावर थर करून बनवतो. फांद्यांचा एक थर म्हणजे एक पिढी. पाच थर झाले की पाचवी पिढी."

"म्हणजे माझ्या खापरपणजोबांचे दोष..."

"खापरपणजोबांना यातून वगळा."

मग तिनं मला सांगितलं ते असं. त्या फांद्यांच्या टोकांवर धन भार असतो. जनुक ज्याचा बनतो त्या डीएनएवर ऋण भार. दोघं एकमेकांना चिकटतात आणि त्यांचं गाठोडं होतं. पेशी ते गाठोडं गिळते, पण एका बारीकशा पिशवीत कोंडून ठेवते. ती पिशवी फोडून बाहेर पडायचं, पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचायचं, तर काम होणार. बहुतेक गाठोडी वाटेतच संपतात. भार जास्त झाला तर पेशीच मरते.

"पोचलं हे कळतं कसं?" मी विचारलं.

"सरावासाठी आम्ही चमकणाऱ्या प्रथिनाचा जनुक पाठवतो. ज्या पेशीत तो पोचतो, ती हिरवी चमकते."

"म्हणजे चमक खरी!"

"काचेच्या बशीत, सूक्ष्मदर्शकाखाली, एक-दोन दिवसांनी. टकलावर, हॉलमध्ये, पाच मिनिटांत नाही. त्यानं आमचंच दृश्य उचललंय. आणि काका, प्यायलेला डीएनए पोटात पचून जातो. तुम्ही रोज भाजीतून खाताच की. मेथीचे जनुक आले का तुमच्यात?"

"कडवटपणा आलाय, असं मंदाकिनी म्हणते. पण मग माझं डोकं का चमकलं?"

पद्मजा विचार करून म्हणाली, "माहीत नाही. नमुना आणा."

तीच तर पंचाईत होती! तीर्थ पळीनं थेट हातावर घालायचे आणि समोरच प्यायला लावायचे. बाटली, वाटी, रुमाल, सगळं दाराशी काढून घ्यायचे. जो माणूस नमुना देत नाही त्याचा माल खोटा, हे मला चौतीस वर्षं पाठ आहे. पण सुनेला ते पटवणार कसं?

जाता जाता मी विचारलं, "तुमच्या त्या झाडानं आमची वल्लरी बरी होईल का गं?"

"आज नाही, काका. रक्त तयार करणाऱ्या पेशी शरीराबाहेर काढून, दुरुस्त करून परत देण्याचे उपचार परदेशात सुरू झालेत. पण ते अवघड आहेत, फार महाग आहेत, आणि वेगळ्या पद्धतीचे आहेत. आमचं झाड कधी उपयोगी पडेल, मला खरंच सांगता येणार नाही. आज तिला रक्तच हवंय, आणि ते लगेच हवंय."

घरी मी हे सगळं सांगितलं, पण अस्मिता एकच विचारायची, "मग तुमचं डोकं का चमकलं?" रविवार उजाडला. अस्मितानं वल्लरीला न्हाऊ घालून दोन वेण्या घातल्या, नव्या लाल रिबिनी बांधल्या. "डोक्याला अजिबात हात लावायचा नाही. मर मर मरून घातल्यात," तिनं बजावलं. मी माझा जुना तपकिरी बुशशर्ट घातला. पद्मजा आमच्या मागोमाग येऊन शेवटच्या रांगेत बसली. तिच्या पर्समध्ये दुकानदार नोटा तपासायला वापरतात तसला छोटा दिवा होता. दाराशी तो कुणी काढून घेतला नाही, लिपस्टिक वाटली असेल.

तीर्थाचं तांब्याचं भांडं फिरलं. मी या वेळी घेतलं नाही. वल्लरीनं घेतलं, तोंड वाकडं केलं आणि माझ्यामागे जाऊन उभी राहिली. पडदे ओढले गेले, मंत्र झाले. त्यात 'ॐ', 'डीएनए' आणि 'क्वांटम' एवढे तीन शब्द मला कळले. मग जांभळा दिवा लागला.

आप्पासाहेबांचं टक्कल चमकलं. शेजारच्या शालनताईंचा भांग चमकला. आणखी चार डोकी चमकली. दिवा वल्लरीवर आला. तिनं हात पुढे केला, तळहात चमकला. गुरुजींनी दिवा वर नेला.

डोकं काळंच राहिलं.

गुरुजींनी दिवा उजवीकडून धरला, डावीकडून धरला. काही नाही.

"हं!" गुरुजी सावरले. "परक्या रक्ताचं आवरण आहे. फार दाट आहे. अजून एकवीस दिवस रक्त पूर्ण बंद!"

अस्मिताला हुंदका फुटला. सलिलनं तिचा हात धरला, आणि त्याचाही चेहरा पडला होता. एकवीस दिवस! परवा दुसऱ्या मजल्यावर बसलेली पोर माझ्या डोळ्यांसमोर आली आणि माझं टाळकंच सरकलं. "चुलीत गेलं तुमचं आवरण! चल गं घरी," असं ओरडत मी गुरुजींकडे पाठ केली आणि वल्लरीला उचलायला वाकलो.

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कुणीतरी.

"आबा," वल्लरी म्हणाली, "तुमच्या पाठीत जनुक गेलाय!"

गुरुजींच्या हातातला दिवा अजून पेटलेला होता आणि त्याचा उजेड माझ्या पाठीवर पडला होता. तपकिरी शर्टावर एक छोटा पंजा हिरवा झगझगत होता. पाचही बोटं अगदी स्वच्छ.

"तो माझा हात आहे," वल्लरीनं सांगून टाकलं. "आईनं वेणीला हात लावायचा नाही म्हटलं होतं ना. मग ओला हात मी आबांना पुसला."

सगळे तिच्याकडे बघत राहिले. मग आप्पासाहेबांचा उजवा हात हळूच वर गेला, टकलापर्यंत पोचला आणि तिथंच थांबला.

"आयला," ते म्हणाले. "म्या बी हात फिरिवला."

आणि हॉलमधले पन्नास-साठ हात आपापल्या डोक्यांकडे गेले! तीर्थ घेतलं की ओला हात डोक्यावरून फिरवायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मुंज झाल्यापासून मी फिरवतोय. पाणी प्यावं तितक्या सहज फिरवतोय, म्हणून तर मला आठवडाभर डोकं खाजवूनही आठवलं नाही. 'तळहात सोडा, मस्तक बघा' म्हणणाऱ्याला मात्र ते पक्कं ठाऊक होतं.

"शर्ट पावन झाला!" गुरुजींनी शेवटचा प्रयत्न केला. "भक्ताच्या वस्त्रातही रेणू—"

"आणि कडीच्या?" मागून पद्मजाचा आवाज आला. तिनं आपला छोटा दिवा दाराच्या कडीवर धरला होता. कडी चमकत होती. "या खुर्चीच्या हाताच्या मेंदूतही पोचलाय वाटतं. सलिलदादा, तुझा मोबाईलही चमकतोय, त्याला पण आता मागच्या पाच पिढ्यांचे दोष लागणार नाहीत. आप्पासाहेब, जरा वाका बघू."

आप्पासाहेब वाकले. सगळी गर्दी त्यांच्या टकलाभोवती जमली. जवळून पाहिलं तर चमक सलग नव्हतीच. चार बोटांचे चार पट्टे होते, पुढून मागे गेलेले.

मला एकदम त्या पाटीची आठवण झाली. पांढरे कपडे का नकोत? मी शर्टाची बटणं काढली. "अहो, काय करताय!" मंदाकिनी ओरडली. मी शर्ट उघडून पद्मजाच्या दिव्यासमोर उभा राहिलो, आणि माझा बनियन असा लखलखला की सगळा हॉल उजळला.

"यानं तर तीर्थही घेतलेलं नाही," मी म्हणालो. "माझा बनियन सिद्धपुरुष आहे."

"कपडे धुवायच्या पावडरीत पांढरेपणासाठी जे घालतात, ते या उजेडात चमकतं," पद्मजानं सगळ्यांना सांगितलं. "पांढरे कपडे आले असते, तर तीर्थाआधीच सगळे चमकले असते. आणि हे बघा." तिनं पर्समधून पिवळी गोळी काढली, तोंड आलं की आपण घेतो ती बी जीवनसत्त्वाची. गुरुजींच्याच पेल्यातल्या पिण्याच्या पाण्यात ती विरघळवून तिनं दिवा धरला. तेच हिरवट-पिवळं पाणी. "तीर्थात हेच आहे असं मी आत्ता छातीठोक सांगणार नाही. तपासून सांगेन. नमुना मिळाला तर."

गुरुजींनी भांडं उचललं आणि ते दाराकडे निघाले. पण दारात आप्पासाहेब उभे होते, आणि आप्पासाहेब दारात उभे राहिले की दार शिल्लक राहत नाही.

"भांडं हितं ठिवायचं," ते म्हणाले. "आन् तुमीबी बसा. दम खावा जरा. पोलीस येत्यात."

भांडं तपासलं गेलं: केशर, कापूर आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. तो फांद्यांचा रेणू औषधालासुद्धा नव्हता. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली, आणि पहिली सही आप्पासाहेबांनी केली.

पण ते सगळं नंतर. त्या दिवशी अस्मितानं कुणाची वाट पाहिली नाही. वल्लरीला घेतलं आणि रिक्षात बसली. रिक्षात मला म्हणाली, "बाबा, मी तिला मारलंच असतं हो." मी तिला सांगितलं की तू वेणीला हात लावू दिला नाहीस म्हणून तर ती वाचली. ती रडता रडता हसली.

हॉस्पिटलात वल्लरीचं हिमोग्लोबिन पाहून डॉक्टरांनी आम्हाला जे सुनावलं, ते मी इथं लिहीत नाही. सगळं रास्त होतं. संध्याकाळी पद्मजा भेटायला आली, तेव्हा वल्लरीनं तिचा दिवा मागून घेतला आणि नळीतून उतरणाऱ्या रक्तावर धरला.

"हे चमकत नाहीये, आबा."

"नाही चमकत," मी म्हणालो. "तरी काम करतंय."

"पद्मजाताई, तुझं झाड कधी तयार होणार?"

"माहीत नाही गं. करतोय."

मंडळी, मला सांगायचंय ते एवढंच. जो पाच मिनिटांत जनुक पोचवतो, त्याच्याकडे नमुना मागा. जो 'माहीत नाही, करतोय' म्हणतो, त्याच्याकडे चार वर्षांची वही असते, ती बघा. नव्या शास्त्राचं नाव ऐकून हुरळू नका, कारण नाव खरं असलं तरी भांड्यातलं पाणी खरं असेलच असं नाही. आजाऱ्याचं चालू औषध बंद करायला सांगणारा कुणी भेटला, तर आधी डॉक्टरांना फोन करा. लग्नाआधी रक्ताची साधी तपासणी करून घ्या. आणि तीर्थाचा हात डोक्यावरून खुशाल फिरवा, माझी ना नाही. फक्त डोक्याच्या आत जे आहे, ते आधी वापरा.

पुढच्या रविवारी त्याच हॉलमध्ये काळे पडदे काढून रक्तदान झालं. मला वयामुळे घेतलं नाही, म्हणून मी दाराशी पाटी लिहून बसलो: 'पांढरे कपडे चालतील.' सर्वांत आधी आप्पासाहेब झोपले, आणि सुई बघून सर्वांत जास्त तेच ओरडले.

तोवर लिफ्ट पुन्हा बंद पडली होती. कार्यक्रम संपल्यावर मी दुसऱ्या मजल्यावर त्याच पायरीवर दम खायला बसलो. वर चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून दोन वेण्या खाली लोंबत होत्या.

"आबा," वल्लरी ओरडली, "या की लवकर! किती वेळ?"